पिस्तुलातली खोट

दुकानदाराने तिसरं पिस्तूल काचेवर ठेवलं आणि मी ते हातात न घेताच म्हणाले, "याची मूठ जाड वाटते."

"ताई, आधी धरून तरी बघा."

मी लिफ्ट तपासते. इमारतीच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि सगळे 'चांगली चालतेय की' म्हणत असले तरी खोट शोधायची. तेवढ्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे त्या सकाळी मी दोन पिस्तुलं नापसंत केली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. पहिलं फारच हलकं होतं, नेम धरला की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, जागेवर थांबेना. दुसरं पुढे इतकं जड की चार गोळ्यांत खांदा बोलायला लागला. इथपर्यंत मी खरं बोलत होते.

"मूठ जाड वाटली तर कानस आहे," मेजर म्हणाला. "लाकूडच ते. घासू. धर आधी."

मेजर आमच्या नेमबाजी क्लबचा प्रशिक्षक. सैन्यात तो कधीच नव्हता, पोस्टात होता. आवाजामुळे मेजर झाला. पिस्तूल निवडायला तो मुद्दाम आला होता, कारण क्लबच्या संघात त्याने माझं नाव घातलं होतं आणि क्लबची पिस्तुलं क्लबच्या दाराबाहेर जात नाहीत. स्पर्धेला जायचं तर पिस्तूल आपलं हवं. कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा काय ते आज ठरव, असं त्याने मला बजावलं होतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मास्तर बसला होता. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत भूमिती शिकवतो, म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत शिकवत होता. एका दुपारी भांडी विसळताना त्याला हार्ट अटॅक आला. मी तेव्हा कुठल्याशा इमारतीच्या खड्ड्यात होते, आणि तिथे फोन लागत नाही. नळ उघडाच राहिला, पाणी दाराखालून जिन्यात गेलं, आणि खालच्या मजल्यावरची बाई कंबर कसून भांडायला वर आली म्हणून तो वाचला. तिच्या भांडकुदळपणाचे उपकार मला या जन्मी फिटायचे नाहीत.

तेव्हापासून मी त्याला एकटं सोडलेलं नाही. मी कामावर असते तेव्हा त्याचा भाऊ घरी येऊन बसतो. क्लबला जाते तेव्हा मास्तर माझ्याबरोबर येतो. तो आंघोळीला गेला की मी दाराबाहेर उभी राहून कपड्यांच्या घड्या घालते. घड्या संपल्या की मोडते आणि पुन्हा घालते. डॉक्टर म्हणतात, तो ठणठणीत आहे. ठणठणीत असल्याचे दाखले लावलेल्या लिफ्ट मी पुष्कळ पाहिल्यात.

आणि स्पर्धा होती दुसऱ्या गावी. दोन रात्रींचा मुक्काम. मास्तरने आधीच जाहीर केलं होतं की तो येणार नाही, आणि भावालाही बोलवायचं नाही. शाळेने त्याला पुन्हा बोलावलं होतं. "वर्गात चाळीस पोरांसमोर उभं राहायच्या आधी," तो म्हणाला होता, "मला माझ्याच घरात एकटं राहता येतं का, ते एकदा बघू दे." मी तेव्हा 'बघू' म्हणाले होते. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

दुकानाच्या मागे गोळ्या झाडून बघायची लांबट खोली होती. भिंतींना फोम, टोकाला कागदी चक्र. मी कानावर संरक्षक चढवले. शेवटच्या क्षणी मागे वळून पाहिलं, तर मास्तर दारात टेकून उभा होता. चेहऱ्याचा रंग बरा होता.

"समोर बघ," मेजर ओरडला. "लक्ष्य तिकडे आहे."

हे बावीस बोअरचं पिस्तूल. याच्यात घोडा काडतुसाच्या बुडावर मधोमध न आपटता काठावर आपटतो, गोळी लहान, झटका नावालाच. बसवलेल्या मुठीला तळहाताखाली एक फळी होती, हात तिच्यावर टेकायचा. मेजरने खटक्याला वजन टांगून त्याचा ताण नियमात बसतो का ते पाहिलं. बसत होता.

"आता डोळे मीट," तो म्हणाला. "हात वर ने. उघड."

पिस्तूल हाताला बसतं की नाही, हे बघायची आमची हीच रीत. डोळे मिटून नेम धरायचा आणि उघडल्यावर माशी मागच्या पट्टीच्या खाचेत आपोआप आलेली असली पाहिजे. ती आणावी लागली तर मूठ आपली नाही. मी डोळे उघडले. माशी खाचेत होती, अगदी मधोमध. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. पुन्हा मधोमध.

"कसं?"

"आवाज बरा नाही वाटत," मी म्हणाले.

"अजून झाडलंय कुठे!"

मग झाडलं. पाच गोळ्या एका बाटलीच्या झाकणात मावतील इतक्या जवळ गेल्या. दुकानदाराने दुर्बिणीतून बघून शीळ घातली. मी म्हणाले, खटका शेवटी जरा अडतो. मेजरने स्वतः दाबून पाहिला, अडत नव्हता. मी म्हणाले, मागची खाच अरुंद आहे. दुकानदाराने रुंद खाचेची पट्टी बसवून दिली. मी म्हणाले, झाडताना नळी डावीकडे ओढते. माझं मलाच ऐकू येत होतं की मी वाटेल ते बोलतेय, पण तोंड थांबेना. मधूनच मागे बघत होते, मास्तर आहे, उभा आहे, श्वास घेतोय.

"नाचता येईना अंगण वाकडं," मेजर म्हणाला. "नळी ओढत नाही, तू ओढतेस. गोळी सुटायच्या आधीच दचकतेस. थांब, आत्ता दाखवतो."

त्याने काडतुसं भरली, मला पाठमोरं उभं करून. त्यात कुठेतरी एक नकली होतं, दारू नसलेलं. ते आलं की नुसता 'टक्' होतो. आणि नेमबाज आधीपासून दचकत असेल तर त्या 'टक्'ला नळी खाली झुकते, सगळ्यांना दिसते, लपवायला आवाजच नसतो. क्लबात या परीक्षेला आम्ही सगळे टरकून असतो. मी मात्र मनातून खूश झाले. झुकली पाहिजे, मी म्हणत होते. देवा, झुकू दे. मग मेजर म्हणेल, हिचा हात अजून कच्चा आहे, पुढच्या वर्षी बघू.

एक सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्याला 'टक्'.

नळी तसूभर हलली नाही.

मी पिस्तूल खाली ठेवलं, रिकामं करून, नियमाप्रमाणे, आणि कानावरचे संरक्षक काढले. मेजर माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याचं टपाल चुकीच्या पत्त्यावर गेलंय.

मास्तर दारातून पुढे आला. तो वर्गात फळ्यापाशी जातो तसा, खडूची बोटं झटकत.

"पिस्तुलात खोट नाही," तो म्हणाला. "बरोबर, मेजर?"

"नाही."

"हिच्या हातात नाही, हे आत्ता सिद्ध झालं. डोळ्यात नाही, कागद समोरच आहे. मग घोडं पेंड कुठे खातंय?" तो माझ्याकडे वळला. "उरलो मी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

मी त्याच्यावर खेकसले. दुकानदाराच्या आणि मेजरच्या देखत, त्या फोम लावलेल्या खोलीत, जिथे आवाज घुमतही नाही. "हो, तूच! तुला काय, तू आडवा पडला होतास, तुला काही कळलं नाही! मी घरी आले तर जिन्यात पाणी, दार फोडलेलं, आणि ती बाई म्हणतेय नेलं त्यांना. कुठे नेलं, तेही तिला सांगता येईना! तिथे स्पर्धेत फोन काढून घेतात, माहितेय तुला? काढून घेतात! आणि तू इथे पडलास तर? मेलास तर मी काय करू?"

"मग मेलो असेन," मास्तर म्हणाला. "पण अगं, तू दाराबाहेर उभी असतेस तेव्हा मी आत काय करतो माहितेय? मुद्दाम तांब्या आपटतो. तुला आवाज यावा म्हणून. वर्ष झालं, मी धड आंघोळ केलेली नाही."

मेजरने घसा खाकरला आणि भिंतीवरची नियमावली वाचायला लागला. ती त्याला पाठ आहे.

मला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही आलं, आणि कुठलं आधी पुसायचं ते कळेना. मी तळहाताने तोंड पुसलं. हाताला काडतुसांच्या दारूचा वास होता. "हे द्या," मी दुकानदाराला म्हणाले. "मूठ अंगठ्यापाशी थोडी घासायला लागेल." ते खरं होतं.

कागदांवर सह्या झाल्या. परवाना मिळेपर्यंत पिस्तूल दुकानातच राहणार होतं. मेजर आपल्या वाटेने गेला आणि आम्ही दोघं बसथांब्यावर येऊन उभे राहिलो. मास्तर वाटेत भलताच रंगात होता. एकटा असताना काय काय करणार याची यादी त्याने ऐकवली. त्यात तासभर आंघोळ होती, करपेपर्यंत टोस्ट होता, आणि खालच्या बाईला स्वतःहून भांडायला बोलावणं होतं. मग थांब्यावर तो हळूहळू गप्प झाला.

"दोनच रात्री ना?" त्याने विचारलं.

"दोनच."

"नाही, सहज विचारलं."

बस लांबून दिसली. मी पुढे सरकले. त्याने माझा दंड धरला.

"ही मी घेतो," तो म्हणाला. "तू मागून येणाऱ्या बसने ये."

"वेडा आहेस का? एकाच घरी जायचंय."

"म्हणूनच."

तो चढला. मी त्याच्या मागे पायरीवर पाय ठेवलाच होता, तो काढला. आतल्या दांड्याला त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं, बस अजून उभी असतानाच. तो हसत नव्हता. खिडकीतून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला त्याचा चेहरा दिसला. तो घाबरला होता. वर्षभर मी समजत होते की या घरात घाबरणारी मी एकटीच आहे आणि त्याचं सगळं हसण्यावारी चाललंय. माझ्या तोंडून 'थांब' निघणारच होतं. ड्रायव्हर थांबलाही असता.

दार मिटलं, बस गेली.

मी फोन काढला. नाव समोर आणलं. मास्तर आत्ता चौकातून वळला असेल. आता बाजारापाशी. आता उतरला असेल, आता जिना. तीन मजले, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली आणि मी ती कुठल्या दिशेला वळते ते मान मोडेपर्यंत पाहत राहिले. उलट दिशेला वळली. मी फोन बंद केला, पुरता बंद, आणि पिशवीच्या तळाशी टाकला.

मागची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच 'जा' म्हणाले, आणि तिच्या मागच्या बसची वाट बघत उभी राहिले.