दोन्ही पाय पाण्यात

जुहूला रिक्षातून उतरली आणि मनकर्णाबाईचं डोकंच फिरलं. समुद्र जागेवर नव्हता. नुसती ओली वाळू, आणि पाणी पार तिकडं लांब.

"पाणी सोडलं का काय ह्यांनी?" तिनं नारळवाल्याला विचारलं. पैठणच्या धरणाचं तिनं तेच पाहिलेलं. सोडलेलं पाणी माघारी आलेलं तिच्या बापजन्मात कुणी पाहिलं नव्हतं.

"ओहोटी आहे, मावशी. सहापर्यंत येईल इथवर."

आता आली का पंचाईत! बिल्किसला सहाच्या आत दवाखान्यात दाखल करायचं होतं.

बिल्किस म्हणजे तिची पुंडलिकनगरची शेजारीण. सव्वीस वर्षं दोघींनी एकाच नळावर पाणी भरलं, भांडल्याही तिथंच. साखरेनं बिल्किसचा डावा पाय सडत गेला. मुंबईच्या डॉक्टरनं निक्षून सांगितलं, उद्या घोट्याच्या वर कापायचा, नाहीतर जीव जाईल. बाई सही करीना. हात जोडले, रागावून झालं, काही उपयोग नाही. शेवटी म्हणाली, आधी दोन्ही पायांनी समुद्रात उभी राहीन, मग बघू. करते नाही म्हणाली, बघू म्हणाली. पण मनकर्णाबाईनं तेवढ्यावर तिला रिक्षात घातलं होतं.

"मौशी, माघारी चला," बिल्किसचा लेक करीम म्हणाला. "डॉक्टर ओरडतील."

"ओरडू दे. सहीबिगर तो काय कापणार हाय? आपल्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं बसतोच का नाय आम्ही? हे तर आजच येणार हाय."

नारळवाल्याचं स्टूल मागून तिनं बिल्किसला बसवलं आणि स्वतः वाळूत फतकल मारली.

"नाय येत ते," बिल्किस पुटपुटली. "मला फसवू नको."

"मघाशी तो काळा दगड दिसत होता. आता दिसतोय का?"

क्रिकेट खेळणाऱ्यांनी दोनदा स्टंप मागं घेतले. करीम घड्याळाकडं बघून बघून थकला. पाणी मात्र खरंच आलं, कुणी न सोडता आलं.

"जखमेला लागू द्यायचं नाय," म्हणत करीमनं प्लास्टिकची पिशवी काढली. मनकर्णाबाईनं दुसरीही मागून घेतली आणि दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत घट्ट बांधल्या. एकालाच बांधली असती तर दुसरा रुसला असता.

दोघांनी धरून तिला उभी केली. लाट आली, नडगीपर्यंत चढली.

"गार हाय गं," बिल्किस हसली. दुसरी लाट आली, तिसरी आली. खाली बघत ती हळूच म्हणाली, "उजव्यालाच गार लागतंय. डाव्याला कायच कळंना, मनकर्णा."

प्लास्टिक जाड असेल, असं मनकर्णाबाईच्या ओठावर आलं होतं. पण पिशव्या दोन्ही सारख्याच होत्या, तिनंच बांधलेल्या. तिला रडू आवरेना.

"करीम, कागद हाय का खिशात?"

"हाय, अम्मी."

"गेल्यावर दे, सही करते." बिल्किसनं मनकर्णाबाईचा दंड गच्च धरला. "आधी उजव्याची पिशवी सोड. ह्यो माझ्यासंगं राहणार हाय, ह्याला तरी भिजू दे."

मनकर्णाबाई पाण्यात वाकली आणि गाठ सोडायला लागली.