भोंगा वाजला की खाली धावायचं

भोंगा मुळात पुरासाठी बसवला होता, हे आता कुणाला सांगून पटलं नसतं. पंपघराच्या गच्चीवर, लोखंडी खांबाला करकचून बांधलेला. तो वाजला की नदीकाठ सोडायचा, मागे वळून न बघता वर पळायचं, असा नियम. नियम करणारी माणसं म्हातारी झाली, काही गेलीही, आणि मग नदीच आटायला लागली. वरच्या डोंगरांवरचा बर्फ पूर्वी उन्हाळाभर थोडा थोडा विरघळून खाली यायचा. आता तो पडायचाच कमी, आणि पडला तेवढा एका झटक्यात वाहून जायचा. पावसाचं तर विचारूच नका. आला तर वर्षाचं काम एका दुपारी उरकायचा, नाही तर तोंड दाखवायचा नाही. पूर येणार तरी कुठून? भोंग्यावर कावळे बसायला लागले.

पंपघर वहिनीच्या ताब्यात होतं. नवरा तिथलाच मिस्त्री, अख्ख्या वस्तीचा दादा, म्हणून ती अख्ख्या वस्तीची वहिनी. तिचं काम पंप चालू करायचा, बंद करायचा आणि पाणी का येत नाही म्हणून लोकांची बोलणी खायची. सध्या तिसरंच काम जास्त होतं.

वरच्या अंगाला धरण होतं, पण ते दुसऱ्या देशाचं. करारात सगळं छान छान लिहिलेलं. पाणी सोडायचं तर त्या राजधानीने ह्या राजधानीला कळवायचं, मग इथल्या खात्याने खालच्या खात्याला, खालच्याने त्याच्या खालच्याला. निरोप पंपघरात येईस्तोवर पाणी समुद्राला मिळालेलं असायचं. एकदा ह्या करारावर दोन्हीकडच्या साहेबांची बैठक भरली. फायली उचलायला वहिनीला नेलं होतं, तिकडून धरणाच्या दरवाजावरचा माणूस आला होता. आत साहेब एकमेकांना पाणीचोर म्हणत होते आणि बाहेर हे दोघं बाकावर चहा पीत बसले होते.

"त्यांचं चालू दे हो वहिनी," तो म्हणाला होता. "आपण आपले नंबर घेऊन ठेवू."

तेव्हापासून त्यांचा रिवाज पडला. दरवाजा उघडायच्या आधी त्याने एक रिंग द्यायची आणि तिने फोन उचलायचा नाही. उचलला आणि परदेशी बोलणं झालं असं निघालं, तर दोघांच्या नोकरीवर गदा. नुसती रिंग वाजली तर कुणाच्या बापाचं काय जातं? रिंग आली की वहिनी भोंगा दाबायची, आणि दोन्ही काठांवरची माणसं बादल्या, हंडे, फावडी घेऊन नदीच्या पात्रात धावायची. हो, धावायची, आणि तीही खाली. कारण सोडलेलं पाणी असायचं एवढंसं. वाळूत चर खणून, हाताला धरून आणल्यासारखं ते पंपाच्या विहिरीपर्यंत आणावं लागायचं, नाही तर वाटेतच जिरून जायचं. तान्ह्या पोरालासुद्धा कळायचं, भोंगा म्हणजे पाणी.

त्या दुपारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मिस्त्री खाली पात्रात, विहिरीच्या तोंडाशी जाळीतला गाळ उपसत होता. वहिनी टेबलाशी बसून पदराने वारा घेत होती. तेवढ्यात फोन वाजला. धरणावरचा भाऊ!

"आला गं बाई," ती एकटीच मोठ्याने म्हणाली आणि भोंग्याचं बटण दाबलं.

काय ती गंमत सांगावी! दारं धडाधड उघडली. शिवणकाम टाकून बायका निघाल्या, दाढी अर्धी ठेवून गिऱ्हाईक निघालं, मागोमाग हातात वस्तरा घेऊन न्हावीही निघाला. खिडकीतून वहिनी बघत होती आणि कुणाकुणाला ओरडून चिडवत होती. पलीकडच्या काठावरूनही माणसं उतरताना दिसली, लांबून मुंग्यांएवढी. तिला बरं वाटलं. आज रात्री तरी नळाला पाणी येईल आणि लोक आपल्याला शिव्या न घालता झोपतील, असं तिच्या मनात आलं.

फोन पुन्हा वाजला.

"कळलं हो, कळलं," ती फोनलाच म्हणाली. "वाजवला भोंगा. आता काय नाचू?"

रिंग थांबली. लगेच परत सुरू झाली. वहिनीचं हसू ओठांवरच राहिलं. त्या माणसाने आजवर कधी दुसरी रिंग दिली नव्हती. नोकरीचा धाक त्यालाही तिच्याइतकाच होता. फोन टेबलावर थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकला. उचलावा की नको? उचलला तर नोकरी. नाही उचलला तर... नाही उचलला तर काय, हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्याचीच जास्त भीती वाटली. तिने उचलला.

"वहिनी! अहो किती वेळ!" पलीकडे वाऱ्याचा की पाण्याचा घोंघाट होता. "वर ढग फुटलाय. डोंगरच्या डोंगर खाली येतोय. दरवाजे सगळे उघडावे लागले, नाही तर धरण जातंय. सगळे, कळतंय का? माणसं काढा नदीतून!"

"किती वेळ आहे?"

"निघालंय ते! पहिली रिंग दिली तेव्हाच निघालंय!"

आणि फोन तुटला.

 सवयीने वहिनीचा हात भोंग्याच्या बटणाकडे गेला आणि चटका बसावा तसा तिने तो मागे ओढला. काय करत होती ती! भोंगा वाजवला तर जी घरात उरलीत तीही खाली धावतील. देवा रे, हे काय करून ठेवलं आपण? पुरासाठीचा भोंगा आपण माणसांना नदीत बोलवायला वाजवला, इतकी वर्षं वाजवला, शिकवून ठेवलं सगळ्यांना. तिने गॅलरीत जाऊन घसा फुटेस्तोवर हाक मारली, "वर या! पाणी येतंय! वर या!" खालून बायकांनी फावडी उंचावून तिला दाद दिली. पाणी येतंय, हे तर त्यांना ठाऊकच होतं. त्यासाठीच तर त्या उतरल्या होत्या.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. एकेकीला जाऊन समजवायला वेळ कुठला? आणि आभाळ हे असं निळंशार. तिने सांगितलं असतं तरी विश्वास कुणी ठेवला असता?

पंपघराच्या दाराशी टँकर उभा होता, रिकामा. टँकरवाला आत स्टिअरिंगवर पाय टाकून घोरत होता. वस्तीत त्याला वाजंत्री म्हणायचे, कारण रस्त्यात शेळी आडवी आली तरी हा कर्णा वाजवून गाव गोळा करायचा. वहिनीने त्याचा पाय धरून ओढला.

"हॉर्न वाजव! चढावर ने गाडी, शाळेपाशी, आणि वाजवत राहा!"

"अहो वहिनी, टाकीत थेंब नाही. लोक मला फाडून खातील."

"खाऊ देत! जिवंत राहिले तर खातील ना! पूर येतोय मेल्या, वर धरण सुटलंय!"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे एक शब्द विचारला नाही. गाडी गर्रकन वळली, आणि चढावरून त्याचा तो ओळखीचा कर्णा सुरू झाला, थांबायचं नावच नाही. वाळूतून मिळणारं गढूळ पाणी कुठे आणि टँकरचं कुठे! आणि टँकरला जो आधी पोचेल त्याची घागर आधी. पात्रातली माणसं क्षणभर घोटाळली, मग एक बाई पळाली, आणि ती पळालेली बघून सगळीच पळाली. ढकलाढकली, आरडाओरडा, "माझा नंबर", "डोळे फुटले का". वहिनीला ती भांडणं ऐकून इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले.

पण चढणाऱ्यांत मिस्त्री नव्हता. नसणारच. पंपघरच्या माणसाला टँकरचं काय कौतुक? वहिनी जिवाच्या आकांताने उतार उतरली. चपला कुठे राहिल्या कळलं नाही. वाळू तापलेली होती आणि कोरडी, ठणठणीत कोरडी, आणि ह्याच वाळूवर आता पाणी येणार हे तिचं तिलाच खरं वाटेना.

"अहो! निघा! धरण सुटलंय!"

मिस्त्री जाळीवर वाकलेला होता. "अगं, एवढा गाळ काढतो. पाणी आलं की जाळी तुंबेल, पंप—"

"पंप गेला खड्ड्यात! त्यांनी सगळे दरवाजे उघडलेत! मी फोन उचलला, बोलले मी त्यांच्याशी!"

फोन उचलला म्हटल्यावर त्याने हातातलं घमेलं टाकलं. दोघं हात धरून पळत सुटली. उताराच्या पायथ्याशी पोचली, आणि तिथे तो थांबला.

"पलीकडचे?" तो म्हणाला.

वहिनीने वळून बघितलं. खोटं कशाला बोला, तोवर पलीकडच्या काठाची तिला आठवणही झाली नव्हती. भोंगा तिकडे ऐकू जायचा, हॉर्न जाण्याचं कारण नव्हतं, आणि गेला असता तरी तो टँकर त्यांचा थोडाच होता? पात्राच्या मध्यापर्यंत आली होती ती माणसं. खणत होती. अजून उतरत होती.

मिस्त्रीने दोन्ही हात हलवून आरोळी ठोकली. त्यांनीही हात हलवले.

"नका जाऊ," वहिनी म्हणाली. तिने त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला. "अहो, नका ना जाऊ. मला भीती वाटते. मरू देत ते, तुम्ही नका जाऊ." बोलली ती असं. त्या घटकेला पलीकडचे सगळे बुडाले असते तरी तिला चाललं असतं, फक्त हा एक माणूस तिला उतारावर हवा होता.

"भोंगा आपण वाजवला गं," तो म्हणाला. रागावून नाही, नुसतं म्हणाला. सदरा तिच्या हातातून सुटला आणि तो पळाला, उलट्या दिशेने.

ती बघत राहिली. तो ओरडत होता, ते हसून हात करत होते. मग तो वाकला, त्याने गोटा उचलला आणि भिरकावला. एक बाई डोकं धरून खाली बसली. तो दुसरा गोटा मारत होता, तिसरा मारत होता, पुढे पुढे धावत वेड्यासारखा मारत सुटला होता. ती माणसं आधी थबकली, मग हंडे टाकून आपल्या काठाकडे पळाली. त्या बाईला दोघींनी ओढत नेलं. तो त्यांच्या मागे मागे.

आधी वारा आला, थंडगार, चिखलाच्या वासाचा. मग जमीन घुमायला लागली. वहिनीला पायातून तो आवाज जाणवला. कुणीतरी मागून तिच्या दंडाला धरून वर खेचलं. वाजंत्री होता. वळणावरून पाणी दिसलं ते पाण्यासारखं नव्हतंच, झाडं आणि छपरं अंगावर घेऊन येणारी तपकिरी भिंत होती. मिस्त्री तेव्हाही वाकलेला होता, दगड उचलायला.

पाणी पंपघराच्या गच्चीपर्यंत चढलं. पंप बुडाला, भोंगा खांबासकट गेला. एवढं पाणी सभोवती, आणि वस्तीला प्यायला पेलाभर नाही. एक मिस्त्री सोडला तर माणसं मात्र सगळी शाळेच्या आवारात होती. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. वाजंत्री शेजारी बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता.

पुढे पाणी उतरलं, तशी पलीकडून होडी आली. चार-पाच माणसं होती आणि पुढे एक बाई, कपाळाला पट्टी. ती पंपघराच्या पायरीशी आली. वहिनी आतला चिखल खरवडून काढत होती.

"त्या दिवशी तुमच्या बाजूने एक माणूस दगड मारत आला," बाई म्हणाली. "आम्हाला वाटलं, पाणी तुम्हालाच हवंय म्हणून हाकलतोय. कोण होता तो?"

"माझे मिस्टर."

बाई मटकन पायरीवर बसली. तिच्या मागची माणसं खाली बघायला लागली. 

"मी शिव्या दिल्या त्यांना," बाई शेवटी म्हणाली. "घाण घाण शिव्या दिल्या. वर पोचले तरी देतच होते."

"ऐकू गेल्या का त्यांना?" वहिनीने विचारलं.

"गेल्या ना. हसले ते." बाईने पट्टीवर हात ठेवला. "आम्ही वर चढलेलो बघून हसले, हातातला दगड टाकला, आणि मला त्याचाच आणखी राग आला हो."

इतके दिवस गोठून गेलेल्या वहिनीने हातातलं खोरं भिंतीला टेकवून ठेवलं. ती त्या अनोळखी बाईशेजारी पायरीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली.