अध्यक्षांच्या छकड्याचे चाक

मी एक जुने, फुटलेले चाक आहे. पनवेलच्या सुतार आळीत चाक कारागीर मंडळाची कौलारू शेड आहे. तिच्या भिंतीला मला टेकवून ठेवले आहे. मित्रांनो, येता-जाता तुम्ही माझ्याकडे पाहता आणि पुढे निघून जाता. आज जरा थांबा.

तुळशीराम मिस्त्रींनी मला घडवले. तेव्हा ते तरुण होते. त्यांनी जुन्या बाभळीचा ओंडका निवडला, सावलीत नीट वाळू दिला आणि मगच त्याला हत्यार लावले. मध्ये जाड गोल तुंबा केला, त्यात आरे ठोकले, आऱ्यांभोवती लाकडी कडे बसवले. शेवटी गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली लोखंडी धाव माझ्यावर चढवली आणि वरून पाणी ओतले. त्या वाफेत माझा सांधा न् सांधा आवळला गेला. मिस्त्रींनी तुंब्यावर हातोडी मारून कान लावला. आवाज खणखणीत आला. हे चाक विकायचे नाही, असे त्यांनी तिथेच ठरवले आणि मला स्वतःच्या छकड्याला लावले.

ती वर्षे सुखाची होती. घाटावरून गाडीवान चाके घ्यायला येत, तेव्हा मिस्त्री त्यांना आधी मला दाखवत. त्यांची पत्नी भीमाबाई स्वतःच्या हाताने मला वंगण घालत असत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कारागिरांनी मंडळ काढले आणि मिस्त्रींना अध्यक्ष केले. त्या दिवशी माझ्यावरही गुलाल पडला. नंतर मात्र त्यांना सवड उरली नाही. सभा, तक्रारी, लाकडाचे सौदे, सगळ्यांना अध्यक्ष हवे असत. मी त्यांना सगळीकडे नेत होते, पण खाली वाकून मला कोणी पाहत नव्हते.

मग तो आठवडा आला. पावसाळा तोंडावर होता. मिठागरांतले मीठ हलवायची घाई होती आणि चाके पुरत नव्हती. काही कारागीर ओल्या लाकडाची चाके विकू लागले होते. सोमवारी बातमी आली, की जासईच्या रस्त्यावर असेच एक नवे चाक मोडले आणि गाडीवानाचा पाय गेला. मिस्त्रींनी त्याच दिवशी सभा बोलावली. मंडळाच्या शिक्क्याशिवाय एकही चाक विकायचे नाही, आणि शिक्क्याआधी अध्यक्ष स्वतः ते ठोकून पाहणार, असे ठरले.

मंगळवारी मिस्त्री त्या गाडीवानाला पाहायला जासईला निघाले. त्याच्या घरच्यांना काय सांगावे, या विचारात ते होते. वाटेत मी एका खड्ड्यात गेले आणि तळच्या दगडावर आपटले. माझ्या तुंब्यात काहीतरी तडकले. बाहेरून केसासारखी एक रेघ दिसत होती, एवढेच. आत ती किती खोल गेली आहे, हे फक्त मला माहीत होते.

बुधवारी मिस्त्री प्रत्येकाच्या कारखान्यात गेले. भगवान सुताराची चाके ओली निघाली. मिस्त्रींनी सगळ्या आळीसमोर त्यांवर करवत चालवली. भगवान मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको दारातून आत निघून गेली.

गुरुवारी धावेचे लोखंड आणायला आम्ही मोरा बंदराच्या धक्क्यावर गेलो. ते ओझे वाहताना रेघेची भेग झाली. घरी आलो तेव्हा माझी कुरकुर भीमाबाईंनी ऐकली.

"चाक रडल्यासारखं वाजतंय. एकदा उतरवून बघा," त्या म्हणाल्या.

"रविवारी बघतो. आधी लोकांची चाकं," मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला गेले.

शुक्रवारी छकडा या शेडबाहेर उभा होता. भगवान तिथून चालला होता. तो माझ्यापाशी थबकला, उकिडवा बसला आणि त्याने भेगेवरून बोट फिरवले. त्याचा चेहरा बदलला. तो आत गेला. मिस्त्रींभोवती माणसे बसली होती.

"अध्यक्ष, सगळ्यांची चाकं ठोकलीत. आता आपलंही ठोकून बघा."

दोघे-तिघे हसले. मिस्त्रींना वाटले, हा बुधवारचा राग काढतो आहे.

"ते चाक मी बनवलंय, भगवान."

भगवानने काही बोलायला तोंड उघडले. मग हसणाऱ्यांकडे पाहिले, पंचा खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला. मित्रांनो, त्याने अजून एक शब्द बोलावा, म्हणून मी किती आसुसले होते!

शनिवारी आम्ही वाळलेले लाकूड आणायला आपटा गावी गेलो. मंगळ्या आणि बुधी या कातकरी नवरा-बायकोने ओंडके भरून दिले. त्यांनाही पनवेलला यायचे होते. ऊन फार होते, म्हणून मिस्त्रींनी बुधीला आग्रहाने गाडीत बसवले. मंगळ्या मागून चालत होता. भेग आता आऱ्यांच्या मुळाशी पोचली होती. वारा पडला होता. उताराच्या तोंडाशी बैल अडले. मिस्त्रींनी त्यांना चुचकारले, मग कासरा ओढला. बैल निघाले.

उताराच्या मध्यावर मी फुटले.

छकडा कलंडला, ओंडके सुटले. मिस्त्री बाजूला फेकले गेले. बुधीचा उजवा हात ओंडक्याखाली सापडला. ती ओरडली नाही. ओरडला तो मंगळ्या.

रविवारी मंडळाची सभा भरली. खड्ड्यामुळे अपघात झाला असे म्हणावे, नाहीतर मंडळाचे नाव जाईल, असे काहींनी सुचवले. मिस्त्रींनी माझे दोन्ही तुकडे आणवून सगळ्यांसमोर ठेवले.

"खड्ड्यात चाक आपटलं ते मंगळवारी. भगवाननं शुक्रवारी सांगितलं. मी वाकून पाहिलं नाही," ते म्हणाले. बुधीचे औषधपाणी आणि घर आपण सांभाळू, असेही त्यांनी सांगितले.

मंगळ्या दारात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "खायाला द्याल तुमी, मिस्त्री. पन ती ज्या हातानं कोयता धरायची, त्यो हात कुठनं आनाल?"

मिस्त्रींनी मंडळाचा शिक्का खिशातून काढून भगवानपुढे धरला. भगवानने दोन्ही हात मागे घेतले.

"मला नको. मला भेग दिसली होती. रागापायी मी पुरतं बोललो नाही."

मिस्त्रींनी शिक्का टेबलावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. पुढे कितीतरी दिवस तो उचलायला कोणी तयार होईना. अखेर नवे अध्यक्ष आले आणि प्रत्येक चाक दोघांनी तपासायचा नियम झाला. मिस्त्री बुधीच्या घरी धान्य पोचवत राहिले, पण पुन्हा कधी छकड्यात बसले नाहीत. आता रस्त्यावर मालमोटारी धावतात. या शेडमध्येही पूर्वीसारखे ठोकण्याचे आवाज येत नाहीत.

मित्रांनो, जे रोज तुमचे ओझे वाहते, त्याच्याकडे अधूनमधून खाली वाकून पाहा. त्याची कुरकुर रविवारवर टाकू नका. आणि दुसऱ्याच्या चाकातली भेग दिसली, तर लोक हसले तरी तोंड उघडा, पुरते सांगा.

बाजाराच्या दिवशी बुधी या वाटेने जाते. मोळी आता ती डाव्या हाताने सावरते. शेडपाशी आली की ती पलीकडच्या कडेने चालू लागते.