चार बोल्ट

"केरू, वास येतोय काय रं तुला?" भागोजी शिगवणने विचारले.

केरूने नाक वर केले आणि त्याचा चेहराच उतरला. "येतोय. पंपाकडनं. सॉल्व्हंट गळतंय!"

भागोजीचा हात खिशावर गेला. खिशात चार बोल्ट होते.

लोटे गावच्या त्या रसायनांच्या कारखान्यात पंपाच्या मोटरीचा वेग सांभाळणारी एक लोखंडी पेटी होती. तिजोरीसारखी जाड, झाकणाला आठ बोल्ट. आत ठिणगी पडली तरी बाहेर सॉल्व्हंटच्या पेट घेणाऱ्या वाफेला लागू नये, म्हणून तशी घडवलेली. पण ठिणगी अडवणारी पेटी उष्णताही अडवून धरायची. मे महिन्यात आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं तापत, मोटर बंद पडे आणि साहेबांचा पारा चढे. मग कामगारांनीच तोड काढली. वरचे चार बोल्ट काढायचे, खालचे सैल करायचे आणि फटीत सुपारीचं खांड बसवायचं. पाळी बदलताना ते चार बोल्ट पुढच्या माणसाच्या तळहातावर ठेवायचे, अशी रीतच पडून गेली होती. साहेब बघूनही न बघितल्यासारखं करत. कधी काही झालं नव्हतं ना! होत नाही तोवर सगळेच शहाणे.

आज पेटी नेहमीपेक्षा जास्त तापली होती. कार्ड आता कधीही मोटरीची वीज तोडणार, तोडताना आत ठिणगी उडणार, आणि फट तर उघडी. मेन स्विच आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथवर पोचेपर्यंत पेटी थांबेल याचा भरवसा नव्हता.

दार मात्र जवळच होतं. भागोजीला पळावंसं वाटलं, खरंच वाटलं. घरी बायको, मथुरा, भात टाकत असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

तिकडे केरू गळती बंद करायला व्हॉल्व्हला लोंबकळत होता. "फिरत नाय रं! तू जा भायेर!"

भागोजी गेला नाही. त्याने सुपारी नखाने उपटली. तव्यासारखं तापलेलं झाकण डाव्या तळहाताने दाबून धरलं आणि ठिणगी न पाडणाऱ्या पितळी पान्याने खालचे बोल्ट आवळले. वरचा पहिला बोल्ट घामाने निसटला, फरशीवर टणकन वाजला. दोघांनीही डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. भागोजीने चाचपडत बोल्ट उचलला. पुटपुटत देवाचं नाव घेत एकेक बसवत गेला. शेवटचा घट्ट झाला, आणि पेटीच्या पोटात खट्ट वाजलं.

मोटर थांबली. पेटीने ठिणगी पोटातच ठेवली होती. केरूचा व्हॉल्व्ह एकदाचा फिरला आणि तो तिथेच बसून लहान मुलासारखा रडू लागला.

वास विरला तेव्हा कंपनीची बस पुढच्या पाळीची माणसं घेऊन आली. गफूर आत आला आणि सवयीने त्याने हात पुढे केला.

"बोल्ट?"

"लावले."

"मोटर बंद दिसतेय. साहेब वरडंल."

"वरडू दे."

गफूरचा हात तसाच पुढे होता. भागोजीने त्यावर आपला फोड आलेला तळहात ठेवला.