सातवा धडा

मित्रांनो, मी एक जुनं इंग्रजीचं पुस्तक आहे. वय पन्नाशीच्या पुढे गेलं. माझा पुठ्ठा दोनदा बदलला, पाठ एकदा चामडं शिवायच्या दाभणाने शिवली. मला कुणी फेकलं नाही, फाडलं नाही. उलट फार जपलं. तेच नडलं, असं आता वाटतं.

मॉस्कोत छापून मी किरगिझस्तानातल्या अत-बाशी गावात आलो. तिथे शाळेत इंग्रजी शिकवायला सलीमा एजे होत्या. एजे म्हणजे ताई. बाईंना गावात सगळे असंच म्हणतात. एजेंनी जन्मात एकही इंग्रज पाहिला नव्हता. मला लिहिणाऱ्यांनी तरी पाहिला होता की नाही, देव जाणे. पण माझ्या पानांत एक इंग्रज कुटुंब राहायचं. ते वेळेवर चहा घ्यायचं, हवेविषयी बोलायचं, आवाज म्हणून कुणी चढवायचं नाही. तिथे ज्याचा पाय तुडवला जाई, तोच माफी मागे.

सातव्या धड्यात तब्येतीची चौकशी होती. इंग्रज माणूस दुखणं वाढवून सांगत नाही. ‘जरासं बरं नाही, आभारी आहे’ एवढंच म्हणतो, असं त्यात लिहिलं होतं. एजे तो धडा सगळ्यांकडून घोकून घ्यायच्या. म्हणायच्या, “आपल्याकडे नुसती शिंक आली तरी सात घरं गोळा होतात. त्यांचं बघा जरा!”

मीरिम ही एजेंची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. पुढे ती नारीनच्या कॉलेजात गेली, आणि एका उन्हाळ्यात इंग्लंडच्या शेतावर स्ट्रॉबेरी खुडायला जायचं तिने ठरवलं. तिच्याबरोबर शेजारची नुर्झातही निघाली. नुर्झातला इंग्रजीचा गंध नव्हता. तिची आई, बात्मा आपा, मीरिमचे हात धरून म्हणाली, “पोरी, माझ्या लेकीची जीभ आता तू.”

जाण्याआधीचा आठवडाभर दोघी रोज दुपारी एजेंकडे यायच्या. मला मधे उघडून ठेवायचं, चहात बुरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, बुडवून खायचे आणि प्रश्न विचारत सुटायचं.

“एजे, ते घरी बोलावतील ना?”

“बोलावतील तर! पण पहिल्या हाकेला ‘हो’ म्हणू नकोस. हावरट वाटतं.”

“आणि तिथे मेंढ्या आहेत का हो?” नुर्झातने विचारलं.

“आहेत. पण त्यासुद्धा रांगेत उभ्या राहतात.”

तिघी पोट धरून हसल्या. मीरिमने आपल्या यजमानीणबाईंसाठी म्हणून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपातांचा एक जोड घेतला. यजमानीणबाई कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एजेंनी मला कापडात गुंडाळून मीरिमच्या सामानात ठेवलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू त्या स्वतःच निघाल्या होत्या.

मित्रांनो, तिथे आम्हाला कुणी चहाला बोलावलं नाही. चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत सहा जणी राहत. शेतावर किरगिझ होते, उझबेक होते, नेपाळी होते. मुकादमही परमुलखातलेच, आणि ते दिवसभर ओरडायचे. इंग्रज दिसायचा तो कुंपणापलीकडे, कुत्रा फिरवताना. तरी मीरिम दर रविवारी मला उघडून बसायची. म्हणायची, “खरे लोक भेटले नाहीत अजून.”

ऑगस्टमध्ये नुर्झातचं पोट दुखू लागलं. मीरिम मुकादमाकडे गेली आणि शुद्ध उच्चारात माझं वाक्य म्हणाली, “तिला जरासं बरं नाही.”

“जरासंच ना? मग गोळी दे,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. या वेळी तिने ‘आपल्याला त्रास होणार नसेल तर’ हेही जोडलं. त्याला त्रास होणार होता. पेट्या भरायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी नुर्झात उठलीच नाही, तेव्हा रुग्णवाहिका आली. त्यातली माणसं अगदी माझ्या पानांतल्यासारखी बोलली, हळू आणि गोड. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मीरिमची पुन्हा पुन्हा माफी मागितली. पोटात आतडं फुटून दीड दिवस झाला होता. लवकर का कळवलं नाही, असं त्यांनी एकदाच विचारलं.

नुर्झात पेटीतून घरी आली. अंगणात दुखवट्याचा तंबू उभारला होता, बायका आक्रोश करत होत्या. बात्मा आपा मात्र रडत नव्हती. ती मीरिमसमोर येऊन उभी राहिली.

“तुला त्यांची भाषा येत होती ना? मग बोलली का नाहीस?”

“बोलले, आपा. दोनदा जाऊन सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

मीरिमने ते वाक्य किरगिझमध्ये सांगितलं.

“जरासं?” बात्मा आपा म्हणाली. “माझी लेक मरत होती. जरासं?”

तेव्हा सलीमा एजे पुढे आल्या. “बात्मा, ते वाक्य माझं आहे. मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं.”

बात्मा आपाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ते अजून वळलेलं नाही.

मीरिमने मला परत केलं, आणि घरी आल्यावर एजेंनी माझ्या सातव्या धड्यावर काट मारली. लेखणी इतकी दाबली की कागद फाटला. मला दुखलं, पण पहिल्यांदाच वाटलं, हे आधीच व्हायला हवं होतं.

यंदा वसंतात गावातली अकरा मुलं-मुली तशाच शेतांवर कामाला निघाली आहेत. त्यांना आता मीरिम शिकवते, एजे मागच्या बाकावर बसतात. मी टेबलावर असतो, पण मला कुणी उघडत नाही. मीरिम एकेकाला उभं करते आणि एकच वाक्य म्हणायला लावते: “डॉक्टर बोलवा, आत्ता!” परवा एक लाजरी मुलगी पुटपुटली.

“मोठ्याने,” मीरिम म्हणाली.

“मीरिम एजे, उद्धट वाटतं हो.”

“वाटू दे. पुन्हा म्हण.”

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, पण आम्हाला प्रश्नही विचारा. जिथली गोष्ट सांगतोस, तिथे तू कधी गेला होतास का, असं मला पन्नास वर्षांत कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो?

ती मुलगी पुन्हा उभी राहिली. यावेळी खिडकीची काच थरथरली. मागच्या बाकावर एजेंनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकलं आणि म्हणाल्या, “अजून मोठ्याने, बाळा.”