पांगानीच्या वाटेवरचे सहा तास

पौषाचे ऊन पुरंदरच्या पठारावर हलक्या हाताने उतरते. अंजिराच्या रुंद पानांवर उतरते, दगडी बांधांवर उतरते, आणि सासवडच्या एका दुमजली घराच्या गच्चीत, सतरंजीवर पसरलेल्या एका वृद्ध नकाशावर येऊन स्थिर होते.

नकाशा टांझानियाचा. कागद चहाच्या रंगाचा झालेला, घड्यांवर चिकटपट्ट्या, आणि चिकटपट्ट्याही आता मधासारख्या पिवळ्या. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलेला अडकित्ता, चष्म्याचे घर, भिंग. आणि हिंदी महासागराच्या निळ्या पाण्यावर पाण्याने भरलेला एक तांब्या.

नकाशावर ओणवी झाली होती कुमुदिनी खासनीस. वय सदुसष्ट. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेली, मोजल्याशिवाय न बोलणारी, बोलल्यावर न बदलणारी. आणि भिंतीला टेकून, नकाशाकडे तोंड करून, नकाशा न दिसता बसला होता तिचा नवरा अच्युत. वय बहात्तर. जन्मभर गणित शिकवलेला, बोलता बोलता मोजणारा.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी हा नकाशा कोरा करकरीत होता. तेव्हा दोघे इरिंगाच्या डोंगरमाथ्यावरच्या शाळेत शिकवायला गेली होती. तांबड्या मातीचे गाव, तांबड्या मातीचे रस्ते, तांबड्या मातीने कडा रंगलेली कुमुदिनीची पातळे. संध्याकाळी कंदिलाच्या वर्तुळात बसून दोघांनी याच कागदावर शिसपेन्सिलीने एक वाट काढली होती. इरिंगाहून घाट उतरायचा. गोरखचिंचांच्या दरीतून जायचे, जिथे वृक्ष मुळे आभाळात रोवून उभे आहेत असे वाटते. मिकुमीच्या कुरणातून जायचे. सादानीला पोचायचे, जिथे अरण्य संपते आणि समुद्र सुरू होतो, आणि म्हणतात की पहाटे हत्ती वाळूवर येऊन उभे राहतात. आणि शेवटी पांगानी: नदीचे मुख, पैलतीरावर माडांची रांग, आणि त्या रांगेआड चार दिवस काहीही न करणे.

स्वतःची गाडी, स्वतःची वाट. मार्गदर्शक नाही, सोबत नाही, घाई नाही.

निघायचे होते शनिवारी. गुरुवारी तार आली. अच्युतचे वडील अंथरुणाला खिळले होते. गाडी मुख्याध्यापकांच्या अंगणात सोडून दोघे जी परतली, ती परतलीच. घर झाले, ऋता झाली, ऋताचे लग्न झाले. नकाशा ट्रंकेच्या तळाशी, स्वेटरांखाली, नेप्थलीनच्या वासात निजून राहिला.

तो जागा झाला, कारण अच्युतच्या डोळ्यांत मावळत होते.

मावळणे मध्यापासून सुरू झाले होते. ज्याच्याकडे पाहावे तेच नेमके नाहीसे होई. कुमुदिनीकडे पाहिले की तिचा चेहरा धुक्यात जाई. उरत कानातल्या कुड्या, उरे पदराचा काठ. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले होते. केंद्र जाते आहे, काठ राहील. पण किती काळ किती राहील, ते सांगता येत नाही.

कुमुदिनीने घरी येऊन हातपाय धुतले आणि ट्रंक उघडली. जुलैत जायचे. या जुलैत.

मग चौकटीच्या वहीत रकाने उगवले. तारीख. अंतर. सूर्योदय. सूर्यास्त. पाणी. डिझेल. आणि शेवटचा रकाना: गाडी कोण चालवणार. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होते, कुमुदिनी. रकान्यांच्या वर, लाल शाईत, एक नियम होता: सूर्योदयाआधी चाक फिरणार नाही, सूर्यास्तानंतर चाक फिरणार नाही.

"आणि मी?" अच्युतने विचारले होते.

"तुम्ही शेजारी."

"म्हणजे सामान. किलोत लिही मला. पंचाहत्तर."

हसून म्हणाला होता. पण जन्मभर ज्याच्या हातात गाडीचे चक्र होते, त्याचे हात त्या संध्याकाळी मांडीवर उताणे पडून होते, रिकाम्या ओंजळीसारखे.

माघ उजाडेपर्यंत ती शिकत राहिली. अंगणात जॅक लावून गाडीचे चाक उतरवले, चढवले. पुन्हा उतरवले, पुन्हा चढवले. कुंपणापलीकडून सरूबाई जगतापांनी पदर तोंडाला लावला.

"अहो बाई, पंक्चरचं दुकान टाकताय का काय?"

"टाकीन की. पहिलं गिऱ्हाईक तुमचे मालक. त्यांच्या स्कूटरचं मागचं चाक बघा जरा."

बंगळुरूहून ऋताचा फोन येई तो मात्र हसरा नसे. "आई, तू दिवे घाटात दोनदा गाडी बंद पाडलीस. मागचे हॉर्न वाजवून थांबले. हत्ती हॉर्न वाजवत नाहीत गं!"

"म्हणून तर जायचंय," कुमुदिनी म्हणे. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ वहीतल्या रकान्यांकडे पाहत राही, जणू तिथे कुठे तरी तिचे वय लिहिले आहे.

आणि मग वाट अडली. अडली ती पांगानीपाशी, नदीपाशी, अगदी शेवटच्या पाण्यापाशी.

सादानीकडून येणारा रस्ता दक्षिणतीरावर संपतो. पलीकडे जायला फेरीबोट. पैलतीरावर झुबेदा नावाच्या बाईंच्या चार खोल्या होत्या, माडांच्या सावलीत. तिथेच उतरायचे होते. कुमुदिनीने फोनवरून विचारले, शेवटची फेरी किती वाजता? झुबेदाबाईंचे उत्तर स्वाहिलीत आले, आणि फोनने ते भाषांतर करून दिले. शेवटची फेरी बारा वाजता.

बारा.

तिने उलटे मोजले. सादानीपासून नदीपर्यंत मातीचा रस्ता, पाच तास. वाटेत एखादे चाक बसले तर सहा. म्हणजे निघायचे सहाला, पहिल्या किरणाबरोबर. मग पहाटेचा समुद्रकिनारा नाही. मग वाळूवरचे हत्ती नाहीत. ज्या एका सकाळसाठी ही सारी वाट आखली, ती सकाळच वाटेतून गळून पडत होती. नाही तर दुसरा मार्ग: तिथला एखादा सराईत ड्रायव्हर, जो तेच अंतर तीन तासांत तोडेल.

तिने पेन्सिल घेतली. शेवटच्या रकान्यातले स्वतःचे नाव खोडले आणि तिथे लिहिले, 'ड्रायव्हर'.

ती मोठ्याने वाचून दाखवत असे, कारण त्याला वाचता येत नसे. त्या दिवशीही वाचून दाखवले.

अंजिराच्या झाडात बुलबुल बोलत होते.

"ड्रायव्हर पुढे. शेजारी तू, नकाशा घेऊन," अच्युत म्हणाला. "मागे मी, पाण्याच्या कॅनबरोबर. असं कर कुमुद, ऋताला ने. तिला दिसतं तरी. मी इथे अंजीर राखतो."

"अहो, पण..."

"रागावलो नाहीये गं. हिशेबानं बोलतोय."

दोन दिवस नकाशा घडी घालून पडून राहिला. दोन दिवस ऊन गच्चीत येऊन, कोणी नाही असे पाहून, भिंतीवरून परत गेले. कुमुदिनीला पदार्थविज्ञानातले सारे पेच सुटत. हा सुटत नव्हता. अंतर भागिले वेग. कितीही भागले तरी बाकी उरत होती, आणि ती बाकी भिंतीला टेकून बसली होती.

तिसऱ्या दिवशी, दुपारचा चहा घेताना, अच्युत एकाएकी म्हणाला, "ती बाई बोलते कशी?"

"कोण?"

"तुझी झुबेदा. नुसती लिहिते, का बोलते पण?"

बोललेलेच आले होते. झुबेदाबाईंनी आवाज पाठवला होता, फोनने त्याची अक्षरे केली होती, आणि कुमुदिनीने अक्षरे वाचली होती. आवाज तिने ऐकलाच नव्हता. स्वाहिली तिला बेताचीच येई; इरिंगाच्या शाळेत ती इंग्रजीत शिकवी, इंग्रजी घड्याळाच्या घंटेवर. बाजार, शेजार, सुतार, शिंपी, सारे अच्युतचे. भाषा त्याची होती.

तिने बोट ठेवले. आणि पुरंदरच्या त्या कोरड्या दुपारी एक ओलसर, गोल, दाणेदार आवाज गच्चीत आला. मागे कुठे तरी माडाची झावळ सळसळत होती. कोंबडा आरवत होता. कारिबुनी, या, या, आवाज म्हणत होता. आणि शब्दाशब्दाला अच्युतच्या चेहऱ्यावरचे एकेक वर्ष गळत होते. मिटल्या डोळ्यांनी तो ऐकत होता, जसे माहेरची हाक ऐकावी.

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावले. शेवटचे वाक्य आले, साआ कुमी ना म्बिली, आणि अच्युत हसू लागला. आधी खांदे हसले, मग पोट, मग बशीतला चहा.

"बारा! अगं बारा म्हणजे सहा! संध्याकाळचे सहा!"

तिने फोन खाली ठेवला.

"तिकडचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, कुमुद. विसरलीस? आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. दिवस बुडेपर्यंत फेरी चालते, बाईसाहेब! तो कालिंगा सुतार आठवतो का, ज्यानं आपला पलंग केला? म्हणाला, दोन वाजता या. मी शिस्तीत दुपारी दोनला गेलो. तो बिचारा सकाळी आठपासून पलंगावर बसून. माझ्यासाठी केलेला चहा त्यानं तीनदा गरम केला होता. म्हणाला, मुआलिमू, गुरुजी, तुमच्या देशात सूर्य दुपारी उगवतो का?"

कुमुदिनीचा हात तोंडावर गेला. विषुववृत्ताजवळचा तो प्रदेश. बारा महिने सहाच्या सुमारास उजाडणारा, सहाच्या सुमारास मावळणारा. सूर्योदयाचा आणि सूर्यास्ताचा रकाना तिने स्वतःच्या हाताने भरला होता. भर दुपारी नदीवरची नाव कशाला कोण बंद करील, हा प्रश्न वर्गातल्या पोराने विचारला असता. तिने विचारला नव्हता. जिने जन्मभर मुलांच्या वह्यांत 'एकक लिहा' असे लाल शाईने लिहिले, ती तासांचे एकक विचारायला विसरली होती.

"सहा तास," ती पुटपुटली.

"सहा तास," तो म्हणाला.

एक सबंध सकाळ. समुद्राच्या ओठावरची, ओल्या वाळूची, मंद पावलांची सकाळ. ती कुठे गेलीच नव्हती. फक्त दुसऱ्या घड्याळात उभी होती.

तिने खोडरबर घेतले. 'ड्रायव्हर' हा शब्द पुसला, कागदाचे तंतू निघेपर्यंत पुसला, आणि त्या खरखरीत जागेवर पुन्हा स्वतःचे नाव लिहिले. मग म्हणाली, नेहमीच्या कोरड्या, मोजक्या आवाजात, "मी चालवताना रस्त्यावरून नजर काढणार नाही. आजूबाजूचं कोण बघणार? आणि त्या लोकांशी बोलणार कोण?"

अच्युतने नकाशा ओढून घेतला आणि इरिंगाच्या जागी अचूक बोट ठेवले.

माघाच्या अखेरीस, तालीम म्हणून, दोघे सुप्याच्या माळावर गेली. मयूरेश्वराचे ते राखीव गवताळ रान, जिथे मातीच्या वाटेवरून आपली गाडी आपण न्यायची. सकाळ नुकती पिवळी होत होती. गवत गाडीच्या दारापर्यंत उंच, सोनेरी, पिकलेले, बाभळी छत्रीसारख्या, आणि क्षितिज असे रुंद, असे रिकामे, की क्षणभर कुमुदिनीला ते मिकुमीच वाटले.

ती चालवत होती. दुसरा गिअर, ताठ मान, नजर वाटेवर. तो शेजारी बसला होता. मांडीवर नकाशा नव्हता. हात खिडकीवर होते, कान बाहेर होते.

"किती वाजले?" त्याने विचारले.

"सात."

"म्हणजे एक. दिवस आत्ताच सुरू झाला."

वाट वळली. गवत वळले. बाभळीच्या सावल्या गाडीवरून सरकत गेल्या.

"थांब," अच्युत कुजबुजला. "डावीकडे."

तिने ब्रेक दाबला. डावीकडे पाहिले. गवत होते. फक्त गवत, गवताआड गवत, पिवळ्याआड पिवळे.

"काही नाहीये हो."

"आहे. हललं."

तो समोर पाहत होता, सरळ, निळ्या रिकाम्या आकाशात. आणि मधले सारे हरवलेल्या त्या दृष्टीच्या काठावर, जिथे आकार नसतात, फक्त चाहूल असते, तिथे काही तरी थरथरले होते.

मग गवताचा एक तुकडा गवतातून वेगळा झाला. त्याला कान फुटले, शिंगे फुटली, काळेभोर ओले डोळे फुटले. चिंकारा. एक, मग त्याच्या सावलीतून दुसरा, मग पाडस.

कुमुदिनीने किल्ली फिरवली. इंजिन निमाले. तिने हळूच, पाहिले तसे सांगायला सुरुवात केली: तांबूस पाठ, पांढरे पोट, कानामागे एक काडी अडकलेली, आणि तो ऐकत राहिला, समोरच्या आभाळाकडे पाहत, हसत. पाडसाने मान उचलली. शेपटी एकदा, दोनदा फडकली. आणि मग तिन्ही उड्या एकामागून एक गवतावरून गेल्या, उंच, निःशब्द, सावकाश. आणि त्यांच्या मागे ते पिवळे पाणी हलत राहिले, हलत राहिले, आणि निवले.