तुलनेसाठी एक निरोगी माणूस

माझे सासरे उकंडराव, म्हणजे आमचे मामाजी, जेवून ओसरीवर आडवे झाले, की पाच मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू होई. शेजारचे वामनराव नेमके तेव्हाच सुपारी कातरत येऊन बसत.

"चढली मोटर राजूरचा घाट," ते म्हणत. मग घोरणं मध्येच थांबे. आवाज नाही, श्वास नाही. "थांबा बे, गेअर बदलून राह्यली." मामाजी आचका देऊन पुन्हा सुरू झाले की सगळी ओसरी हसे.

मी हसत नसे. १९७४ साली बीएस्सी झाले आणि त्याच वर्षी उंद्रीला सून म्हणून आले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मामाजींना तपासून सांगितलं होतं, की झोपेत त्यांचा घसा मिटतो. "जाड मानेच्या पुरुषांना असं होतं, असं नुकतंच वाचलंय," ते म्हणाले. "श्वास किती वेळा थांबतो, किती सेकंद, हे कोणी मोजून आणेल का?" मी हो म्हणाले. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता.

सहा दुपारी मोजलं. तासाला सरासरी चौदा वेळा. सर्वांत मोठा खंड बावीस सेकंदांचा. पण नुसते आकडे काही सांगत नाहीत. तुलनेला एक निरोगी माणूस हवा, साधारण त्याच वयाचा, शांत झोपणारा. मी सासूबाईंना निवडलं.

सोजराबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, घोरत नसत. निदान कोणी ऐकलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या नंतर चुलीपाशी अंग टाकत आणि सगळ्यांच्या आधी उठत. रात्री झोप मोडते, सकाळी डोकं ठणकतं, समोर बसल्या बसल्या डोळा लागून दूध उतू जातं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पाळी थांबल्यापासून हे सुरू झालं, असं त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं होतं. "बाईच्या जातीले हे चालतेच," असं घरात सगळे म्हणत. मलाही यात आजार दिसला नाही. बाजाराच्या दिवशी गावात येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना झोपेची गोळी दिली होती. वेष्टनावरचं इंग्रजी मलाच वाचता येई, म्हणून दोन महिने रोज रात्री मीच ती देत होते. आधी अर्धी, गेले आठ दिवस पूर्ण.

"मी झोपू? दिवसाढवळ्या? सुनेच्या पुढ्यात?" आत्याबाई म्हणाल्या. "लोक म्हंतीन, सोजरा लोळून राह्यली."

"मामाजींच्या औषधासाठी लागतं."

तेवढ्यावर त्या तयार झाल्या. त्यांच्या श्वासाचा आवाज येत नाही, म्हणून मी खराट्याच्या काडीला कापसाचा तंतू चिकटवून तो त्यांच्या नाकाशी धरला.

"हे त मढ्याच्या नाकाशी धरतात वं! मी जित्ती हाओ अजून."

"हलतो का, एवढंच पाहायचंय."

"पाह्य मंग."

पहिली पंचवीस मिनिटं तंतू घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे होत राहिला. मिनिटाला सोळा वेळा. मी तसं लिहिलं. मग मिटल्या पापण्यांखाली त्यांची बुबुळं इकडून तिकडे फिरू लागली आणि तंतू थांबला.

मला वाटलं, माझा हात सरकला. काडी जवळ नेली. तंतू सरळ खाली लोंबत होता. छाती वर उचलत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण नाकातून काही येत-जात नव्हतं. तोंड मिटलेलं. आवाज तर नाहीच. दहा. वीस. बावीस ओलांडले. बाहेर ओसरीवर वामनरावांची मोटर घाट चढत होती आणि माणसं हसत होती. तीस. ओठांची कड जांभळट झाली. एक्केचाळीस सेकंदांनी एक लहानसा उसासा आला आणि तंतू हलला. आचका नाही, कूस बदलणं नाही. तिथून हातभर अंतरावर कोणी बसलं असतं, तरी कळलं नसतं.

दुसरा खंड तेहतीस सेकंदांचा. तिसऱ्याला मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. वही टाकून त्यांना गदागदा हलवलं.

"काय झालं वं?" त्या दचकून उठल्या. "आत्ता कुठी डोळा लागला होता! म्हून म्हंते, मले झोपच लागत नाही."

हे सगळं झोपेच्या गोळीशिवाय, भर दुपारी. रात्री, गोळीनं झोप आणखी जड झाल्यावर, चुलीपाशी एकट्या असताना काय होत असेल, याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

"गोळी दे वं," रात्री त्या म्हणाल्या.

"संपल्या."

पाकीट माझ्या ट्रंकेत होतं. ते मी सोमवारी बुलढाण्याला सोबत नेलं. आत्याबाईंनाही नेलं. मामाजींचा डबा धरायला कोणीतरी हवं, असं सांगून.

डॉक्टरांनी पहिली पानं समाधानानं वाचली. शेवटच्या पानावर मी नाव लिहिलं नव्हतं, फक्त 'तुलना'. तिथे ते थांबले.

"हा पेशंट कुठे आहे? याला आधी आणायला हवं होतं."

"बाई आहेत. बाहेर बाकावर बसल्यात."

"घोरतात?"

"नाही."

त्यांनी पान पुन्हा वरपासून वाचलं. "मी जे वाचलं, त्यात एकही बाई नव्हती," ते म्हणाले. "रात्री काही औषध घेतात?"

मी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यावरचं नाव वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"हे रोज कोण देतं?"

माझ्या आधी शेजारी बसलेले मामाजीच बोलले, कौतुकानं. "माही सूनच देते, डाक्टरसाहेब. एक दिवस चुकत नाही. शिकेल हाय ना."

डॉक्टरांनी पाकीट आपल्या खणात टाकलं आणि बाईंना आत आणायला सांगितलं. मी बाहेर गेले. आत्याबाई डबा मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या.

"आटपलं का तुह्या मामाजीचं?"

"तुम्हाला आत बोलावलंय."

"मले?" त्या हसल्या. "मले काय धाड भरली वं?"